'रिफिफी'तील मौन

जयपूरच्या दक्षिणेस सीतापुरा येथे रत्ने व दागिने घडविणाऱ्यांसाठी राखून ठेवलेले विशेष आर्थिक क्षेत्र आहे. खड्याला पैलू पाडणाऱ्या कारागिराकडे पाहताना माणूस नकळत श्वास रोखून धरतो. जवाहिऱ्याची पेढी फोडणाऱ्या चोरांसाठीही तसाच श्वास रोखला जावा, ही किमया ज्यूल्स डॅसिन या दिग्दर्शकाने १९५५ सालच्या 'रिफिफी' या कृष्णधवल फ्रेंच चित्रपटात साधली आहे.

पॅरिसमधील चौघे चोर पेढीच्या वरच्या बिऱ्हाडात शिरतात आणि जमिनीला भोक पाडू लागतात. त्या भोकातून मिटलेली छत्री खाली सोडून उघडली जाते. पडणारा चुना तिच्यात अलगद साचतो. धोक्याची घंटा वाजू नये म्हणून तिच्यात आग विझविण्याच्या नळकांड्यातील फेस भरतात. सुमारे अर्धा तास हे चालते आणि तेवढ्या वेळात ना संवाद, ना संगीत. झॉर्झ ओरिक या संगीतकाराने या प्रसंगासाठी संगीत रचले होते. परंतु संगीतासह आणि संगीताविना असा दोन्ही प्रकारे प्रसंग पाहिल्यावर ते नसावे हे त्यालाही पटले. नभोवाणीवर एवढी शांतता पसरली, तर यंत्र बिघडले असेच श्रोता समजेल! येथे मात्र छिन्नीवरचा हलका घावही छातीत धडकी भरवितो आणि हे चोर पकडले जाऊ नयेत असे सज्जन प्रेक्षकालाही वाटू लागते.

चोरी तडीस जाते. घात होतो तो पुढे, एका अंगठीने. तिजोरी उघडण्यात वाकबगार असलेला सेझार ती एका गायिकेला देऊन बसतो. प्रतिस्पर्धी टोळी त्याला गाठते. तो भयाने तोंड उघडतो. त्यापायी मारिओ हा साथीदार व त्याची पत्नी प्राणास मुकतात. म्होरक्या टोनी सेझारवर जीव असूनही त्याला गोळी घालतो.

या सेझारची भूमिका पेर्लो विता या टोपणनावाने स्वतः डॅसिननेच केली आहे. १९५१ साली अमेरिकन काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे त्याच्याच व्यवसायबंधूंनी कम्युनिस्ट म्हणून त्याचे नाव घेतले होते. हॉलिवुडची दारे बंद झाली आणि त्याला युरोपात काम शोधावे लागले. दुसऱ्यांच्या बोलण्याने जो परागंदा झाला, त्यानेच बोलून घात करणाऱ्याचे सोंग घ्यावे, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. याला सूड म्हणावे, तर सेझार दुष्ट रंगविलेला नाही. तो केवळ भ्यालेला आहे, आणि आपल्याला मरण का येत आहे हे त्याला पुरते ठाऊक आहे.