यंत्र आपोआप बंद पडते तेव्हा

ज्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला, त्या जिल्ह्याला संगणक आता परका राहिलेला नाही. तो कचेरीत आहे, शाळेत आहे आणि काही घरांत मुलांच्या खेळासाठीही आहे. मात्र हा पाहुणा रुसला म्हणजे काय करावे, ते वडीलधाऱ्यांना उमगत नाही. मग बहुधा दोन गोष्टी होतात. यंत्राला दुकानात नेतात आणि मुलाला फैलावर घेतात. आमच्याकडेही एका मे महिन्यात असेच झाले. ती हकीकत सांगतो. आपल्यापैकी कुणाला तरी उपयोगी पडेल.

माझी बहीण नंदुरबारलाच असते, मिरचीच्या पथारींपासून हाकेच्या अंतरावर. तिचा मुलगा नुकताच बारावीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता. दोन-तीन वर्षांचे खाऊचे पैसे साठवून, उरलेले वडिलांकडून घेऊन, त्याने संगणक जुळवून आणला होता. त्यावर तो मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळे. पण खेळ रंगात यावा, वीस-पंचवीस मिनिटे व्हावीत, आणि पडदा एकदम काळा! ना सूचना, ना आवाज. बटण दाबून दिवा मालवावा तसे यंत्र बंद.

दाजींचे निदान तयार होते. "रात्रंदिवस खेळून यानंच मशीन जाळलं." मुलगा म्हणे, "मी काहीच केलं नाही." दुकानात नेले, तर तिथे यंत्र तासभर बिनबोभाट चालले. तरीही सल्ला मिळाला, की मदरबोर्ड बदला. दहा-बारा हजार लागतील. दाजींनी ठरवून टाकले, येईल त्या किमतीला विकायचे. बापलेकांचे बोलणेच थांबले. तेव्हा बहिणीचा मला फोन आला. "दादा, मशीनचं राहू दे. पण घरात दोघांची तोंडं दोन दिशांना आहेत. तू जरा येऊन जा."

आता मी काही यंत्रविशारद नव्हे. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कारण शोधण्याच्या पद्धती मांडल्या आहेत. त्या मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. त्यांतली एक अगदी साधी आहे: एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सारे तसेच ठेवा आणि फरक पडतो का ते पाहा. म्हटले, यंदा फळ्याऐवजी संगणकावर करून पाहू.

यंत्र कसे बंद पडते, हे प्रथम नीट पाहावे. नुसता खेळ मिटून पूर्वीचा पडदा दिसत असेल, तर दोष बहुधा त्या खेळाचा. निळा पडदा येऊन त्यावर अक्षरे उमटत असतील, तर संशय रॅमवर किंवा ड्रायव्हरवर जातो. पण सारे यंत्र एका क्षणात गप्प होत असेल, तर मुख्य आरोपी दोन: उष्णता आणि वीज. अशा वेळी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१ क्रमांकाची नोंद सापडते. भाच्याने ती मोठ्या आशेने दाखवली. पण ती एवढेच सांगते, की यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले. पंचनाम्यात 'इसम मृत आढळला' एवढेच लिहावे, तशातला हा प्रकार. कारण आपणच शोधायचे.

मग आम्ही एक वही केली. खेळ किती वाजता सुरू झाला, किती वेळ चालला, प्रोसेसरचे तापमान किती, एवढेच लिहायचे. तापमान दाखवणारे प्रोग्राम फुकट मिळतात. तीन दिवसांत वही बोलू लागली. पहाटे खेळ तासभर चाले. भर दुपारी, बाहेर पारा ४३ अंशांवर असताना, पंधरा मिनिटेही नाही. आणि बंद पडण्याआधी तापमान १०० अंशांना टेकलेले असे. पुष्कळसे प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोचले की आधी आपला वेग कमी करतात. तरीही उष्णता आवरली नाही, तर जळण्याआधी यंत्र बंद करायला लावतात. म्हणजे आपण ज्याला बिघाड म्हणत होतो, तो यंत्राने स्वतःचा केलेला बचाव होता. दुकानात ते का चालले, तेही उलगडले. तिथे गारवा होता, आणि शर्यतीचा खेळ कुणी लावलाच नव्हता.

दाजींच्या आई शेजारी बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "पथारीवर मिरची आली की आपला घसा धरतो. त्या पेटीचा धरला नसेल का रे?" आम्ही हसलो. पण झाकण उघडले आणि हसू मावळले. हिवाळाभर उडालेली तांबूस धूळ पंख्याखालच्या पत्र्यांच्या फटींत थराथराने बसली होती. त्यात पेटी टेबलाच्या बंद कप्प्यात, आणि धूळ बसू नये म्हणून वरच्या जाळीवर बहिणीने विणलेला क्रोशाचा रुमाल!

सफाई करताना काही पथ्ये पाळावीत. वीज पूर्ण तोडावी. आतल्या भागांना हात लावण्याआधी पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. तोंडाने फुंकू नये. मऊ ब्रश आणि हवेचा झोत वापरावा, आणि त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळली असेल, तर जाणत्याकडून नवी लावून घ्यावी. आणि पॉवर सप्लायची डबी कधीही उघडू नये. वीज काढल्यावरही तिच्यात धक्का बसण्याइतका भार राहू शकतो.

पेटी कप्प्यातून बाहेर आली, रुमाल देव्हाऱ्यात गेला. तापमान ७८ अंशांवर उतरले. भर दुपारी खेळ दोन तास चालला.

आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसातला यंत्र पुन्हा बंद! दाजी म्हणाले, "मी सांगत नव्हतो?" भाच्याचा चेहरा पडला. पण एकाच परिणामाला निरनिराळी कारणे असू शकतात, हेही मिलनेच सांगून ठेवले आहे. वही पाहिली. तापमान ७८ च होते. फरक दुसराच होता. आधी यंत्र बंद पडले तरी मॉनिटरचा बारीक दिवा लुकलुकत राही. आज तोही विझला होता, आणि क्षणभर आधी यूपीएस किंचाळला होता. संध्याकाळी साऱ्या गल्लीत कूलर चालतात आणि विजेचा दाब उतरतो. मग यूपीएस बॅटरीवर जातो.

आम्ही चाचणी घेतली. पडद्यावर नुसते पत्र उघडे ठेवून यूपीएसची पिन काढली. त्याने पाच मिनिटे दम धरला. खेळ चालू ठेवून पिन काढली, तत्क्षणी अंधार. यूपीएसवर ६०० व्हीए लिहिलेले होते. असा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतच भार पेलतो. खेळ ऐन भरात असताना ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून त्या मर्यादेच्या जवळ जातात. शिवाय बॅटरी सहा वर्षांची, थकलेली.

हा यूपीएस कुठला? दाजींच्या जुन्या संगणकाचा. चार पैसे वाचावेत म्हणून त्यांनीच जोडून दिलेला. खोलीत कुणी काही बोलले नाही. कप्पा मुलाने निवडला होता, रुमाल आईचा, यूपीएस बापाचा. प्रत्येकाने आपल्या परीने चांगलेच करायला पाहिले होते. थोड्या वेळाने दाजी उठले, पायांत चपला सरकवल्या आणि मुलाला म्हणाले, "चल, मोठा यूपीएस बघून येऊ." सहा दिवसांत ते त्याच्याशी पहिल्यांदाच बोलले.

हजार व्हीएचा यूपीएस आला आणि प्रश्न मिटला. तो मिटला नसता, तर आम्ही पॉवर सप्लाय बदलून पाहिला असता. मदरबोर्डाची पाळी सर्वांत शेवटी.

तेव्हा आपल्या घरचे यंत्र असे एकाएकी बंद पडू लागले, तर आधी एक वही करा. धूळ पाहा, हवा पाहा, विजेचा दाब पाहा; एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि मुलगा "मी काही केलं नाही" म्हणाला, तर निदान वही भरेपर्यंत तरी त्याचे खरे माना.