मॅमीचे घर

व्याख्यानमालेचे चौथे पुष्प हॅटी मॅक्डॅनिएलवर होते. पत्रिकेत ‘ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय अभिनेत्री’ असा विषय छापलेला, पण वक्ते आले ते लॉस एंजेलिसमधल्या एका वस्तीचा हाताने काढलेला नकाशा काखोटीला मारून. ‘गॉन विथ द विंड’ सगळ्यांनी पाहिलाच असेल, ज्यातल्या मॅमीसाठी हे ऑस्कर मिळाले तो, ते म्हणाले. नसेल त्यांनी पाहिल्यासारखा चेहरा करावा. पहिल्या रांगेने तो लगेच केला.

कान्सासमधला जन्म, गुलामगिरीतून सुटून यादवी युद्धात लढलेले वडील, तेरा भावंडांतले शेंडेफळ, हे सगळे पाच मिनिटांत उरकले. मिलवॉकीत मात्र गाडी थांबली. १९२९ साली शेअर बाजार कोसळला, फिरत्या कंपनीचे काम सुटले आणि ही गायिका एका क्लबच्या स्वच्छतागृहात राबू लागली. त्याच क्लबच्या मंचावर पुढे तिचे गाणे रंगले.

ऑस्करच्या रात्रीवर वीस मिनिटे गेली. २९ फेब्रुवारी १९४०, अँबॅसडर हॉटेल. ‘म्हणजे या रात्रीचा वाढदिवस चार वर्षांनी एकदाच,’ या विनोदावर सभागृह हसले आणि पुढच्याच वाक्याला गप्प झाले. कृष्णवर्णीयांना मज्जाव असलेल्या त्या हॉटेलात तिला आणण्यासाठी निर्माता सेल्झनिकला खास परवानगी काढावी लागली. केसांत गार्डेनियाची फुले माळून ती आली, पण बसवले भिंतीलगतच्या वेगळ्या टेबलाशी. त्याआधी डिसेंबरात अटलांटाच्या प्रीमियरला तर ती नव्हतीच. जॉर्जियातल्या वर्णभेदाचे नियम आडवे आले. पुरस्कारही पुतळा नव्हता. साहाय्यक भूमिकांसाठी तेव्हा छोटी पट्टिका देत. तिने ती हॉवर्ड विद्यापीठाला ठेवली, तिथून ती नाहीशी झाली आणि २०२३ साली अकादमीने बदली पट्टिका दिली.

मागून एक बाई उठल्या. ‘जन्मभर मोलकरणीच रंगवल्या, मग कौतुक कशाचे?’ वक्ते जरा तडकलेच. हा प्रश्न तिच्या हयातीत एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कसंघटनेच्या वॉल्टर व्हाइट यांनीही लावून धरला होता, ते म्हणाले. पण दुसऱ्या भूमिका देतो कोण? मग स्वतःच खाली आले: १९४७ साली रेडिओवर मालिकेची नायिका झाली तीही ‘ब्यूला’ नावाची मोलकरीणच. तेवढे कबूल.

आता नकाशा उलगडला. शुगर हिल. वक्त्यांच्या मते तिची खरी मोठी भूमिका इथली. तिथल्या जुन्या खरेदीखतांत कृष्णवर्णीयांना मनाई करणारी कलमे होती. त्यांच्या जोरावर गोऱ्या शेजाऱ्यांनी तिला आणि एथेल वॉटर्स, लुईज बीव्हर्स या अभिनेत्रींना घराबाहेर काढण्यासाठी दावा लावला. हॅटीने शेजारीपाजारी एकत्र केले, लॉरेन मिलर वकील उभे राहिले. डिसेंबर १९४५ मध्ये न्यायाधीश थर्मंड क्लार्क स्वतः वस्ती पाहून आले आणि दावा फेटाळला. अशी कलमे कोर्टांनी अमलात आणू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले ते तीन वर्षांनी, १९४८ मध्ये.

तेवढ्यात अध्यक्षांची चिठ्ठी आली. १९५२चा मृत्यू, हॉलिवूडच्या दफनभूमीने नाकारलेली जागा, तिथेच १९९९ साली उभे राहिलेले स्मारक, हे सारे एका दमात. आभारप्रदर्शनात माइक कुरकुरत असताना दोन मुले नकाशापाशी गेली. ‘ही लाल रेघ कसली?’

‘सांता मोनिका फ्रीवे,’ वक्ते नकाशा गुंडाळत म्हणाले. ‘पुढे वस्तीतूनच काढला. ते राहिलंच सांगायचं.’