शिपाईकाका, हजेरीपट आणि मोबाईलचं नेटवर्क
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू काय काम करतेस ते पंधरा मिनिटांत सांग, पण आम्हाला कळेल असं." हीच अट माझ्या सासूबाईंनी वीस वर्षांपूर्वी घातली होती. त्या परीक्षेत मी अजून पास झालेले नाही. आज बघू.

मी मोबाईलचं नेटवर्क चालवणारं सॉफ्टवेअर लिहिते. हातातल्या फोनमधलं ॲप नव्हे. टॉवरच्या पलीकडे जे बसलेलं असतं, कोण कुठे आहे हे लक्षात ठेवतं, कॉल जोडतं, मेसेज पोचवतं, ते. आणि हे सॉफ्टवेअर खुलं आहे, म्हणजे कुणीही ते वाचू शकतं, वापरू शकतं, दुरुस्त करू शकतं.

आपला दहावीचा निकाल लागला त्याच वर्षी, ३१ जुलै १९९५ ला, देशातला पहिला मोबाईल कॉल झाला. ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांना लावलेला. आपण तेव्हा अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेत होतो. आपल्याकडे फोन म्हणजे स्टँडजवळचा पिवळा एसटीडी बूथ. रात्री दर उतरले की तिथे रांग लागायची, आणि बूथवाल्यांचा मुलगा, जो आत्ता दुसऱ्या ओळीत बसून हसतोय, त्याला गावात कुणाचं कुणाशी जमतंय हे सगळ्यांच्या आधी कळायचं.

नेटवर्क चालतं कसं, ते शाळेवरूनच सांगते. ऑफिसात एक जनरल रजिस्टर असायचं. शाळेत दाखल झालेल्या प्रत्येकाची त्यात कायमची नोंद. नेटवर्कलाही तसंच एक रजिस्टर असतं. त्यात तुमच्या सिमकार्डाचा क्रमांक असतो आणि त्या सिमची गुप्त किल्ली असते. ही किल्ली सिमच्या बाहेर कधी पडत नाही. दोन्हीकडे तिच्यावरून एकच गणित सोडवतात आणि उत्तर जुळलं तरच आत घेतात. दुसरा असतो वर्गाचा हजेरीपट, म्हणजे आज या भागात कोण हजर आहे त्याची यादी. तुम्ही एसटीने घाट उतरलात की फोन गुपचूप नव्या वर्गात हजेरी लावतो. आणि तुम्हाला कॉल आला की शिपाईकाका निघतात. तुम्ही नक्की कुठल्या टॉवरखाली आहात हे नेटवर्कला माहीत नसतं, फक्त भाग माहीत असतो. म्हणून त्या भागातल्या सगळ्या टॉवरवरून पुकारा होतो. ज्याचं नाव असेल तो फोन "हजर" म्हणतो, मग घंटी वाजते.

मला सगळ्यात आवडणारी गंमत आहे वेळेची. मैदानावर राष्ट्रगीत चालू असताना मागची ओळ नेहमी किंचित मागे असायची, आठवतं? आवाज तिथवर पोचायलाच वेळ लागायचा. रेडिओलहरींचंही तेच. जुन्या जीएसएम पद्धतीत एका लहरीवर आठ जण पाळीपाळीने बोलतात, आणि एकेकाची पाळी सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही छोटी. लांबच्या फोनचं बोलणं उशिरा पोचलं तर ते शेजाऱ्याच्या पाळीत घुसेल. म्हणून टॉवर प्रत्येक फोनला सांगतो, "तू इतका लांब आहेस, तेवढं आधी बोल." हे सांगायला ० ते ६३ असे आकडे आहेत आणि एक आकडा म्हणजे सुमारे ५५० मीटर. गुणाकार करा, ३५ किलोमीटर येतात. त्यापलीकडचा फोन, समोर टॉवरचा दिवा दिसत असला तरी, साध्या जीएसएमला चालत नाही.

आता हे सगळं लिहून ठेवलेलं आहे. मानकांची हजारो पानं आहेत आणि ती कुणालाही फुकट वाचता येतात. पण त्यावरून बनवलेलं सॉफ्टवेअर मात्र अनेक वर्षं मोजक्या कंपन्यांच्या कुलपात होतं. मी अशाच एका कंपनीत बारा वर्षं होते. नाव घेत नाही, पगार वेळेवर द्यायचे. तिथे एक ग्राहक होता, डोंगराळ भागात थोडेसे टॉवर चालवणारा. त्यांच्याकडे एक बिघाड वारंवार यायचा. काही दिवसांनी टॉवर मुका व्हायचा, मग कुणीतरी चालत वर जाऊन तो बंद करून पुन्हा चालू करायचा. मी तो बिघाड शोधला. एक ओळ बदलायची होती. पण ते उत्पादन कंपनीने बंद करायचं ठरवलं होतं, त्यामुळे दुरुस्ती पाठवायची नाही असा निर्णय झाला. त्यांना नवीन यंत्रं घ्या म्हणून कळवलं. त्यांना ती परवडणारी नव्हती. मला दुरुस्ती माहीत होती, पण त्यांना फोन करून ती सांगणं हा करारभंग झाला असता. मी सांगितली नाही. हे इथे आज पहिल्यांदा मोठ्याने बोलतेय.

त्यानंतर वर्षभरात आई आजारी पडली आणि मी नोकरी सोडली. चार वर्षं घरी होते. आईला रात्री झोप लागायची नाही, त्यामुळे मलाही नाही. त्या काळात ओस्मोकॉम नावाचा प्रकल्प हाती लागला.

त्याची सुरुवात २००८ सालची. हॅराल्ड वेल्टे, डीटर श्पार आणि त्यांच्या सोबत्यांनी सीमेन्सचं एक जुनं, टाकाऊ झालेलं टॉवरचं यंत्र मिळवलं आणि ते चालवणारं सॉफ्टवेअर मानकं वाचून स्वतः लिहिलं. त्याच डिसेंबरात बर्लिनच्या एका परिषदेत ते दाखवलं. पुढच्या वर्षी हॉलंडमधल्या एका तंबूंच्या मेळाव्यात रीतसर परवाना घेऊन नेटवर्क उभं केलं, यंत्रं चक्क झाडाला बांधून. त्याच सुमारास अमेरिकेत डेव्हिड बर्जेस आणि हरविंद सामरा यांचं ओपनबीटीएस वेगळ्या वाटेने तेच करत होतं.

तुम्ही विचाराल, घरात बसून टॉवरचं काम कसं करायचं? परवान्याशिवाय लहरी सोडणं आपल्याकडे गुन्हा आहे. पण त्याची गरजच नव्हती. प्रकल्पात खोटा रेडिओ आहे. टॉवर हा एक प्रोग्रॅम, फोन दुसरा प्रोग्रॅम, मधली हवा तिसरा. सगळं एका लॅपटॉपवर, आईच्या उशाशी.

माझा पहिला पॅच मी पाठवला तेव्हा बारा वर्षांचा अनुभव होता म्हणून थोडी ऐट होती. तिथे प्रत्येक बदल सगळ्यांसमोर तपासला जातो. अगदी बाई फळ्यापाशी बोलवायच्या तसं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: उणे एक. खाली एकच प्रश्न होता, "निरोप थांबलेला असताना हा सदस्य रजिस्टरमधून काढला, तर निरोप कोण मोकळा करणार?" मी विचारच केला नव्हता. माझ्या बदलाने अख्खा प्रोग्रॅम कोसळला असता. पाच वेळा दुरुस्त केला, सहाव्यांदा आत गेला. आईला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "पैसे देतात का?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग निदान नाव तरी घालतात का?" नाव घालतात. आई आता नाही, नाव तिथे आहे. पुढे नोकरीच्या मुलाखतीत "ही चार वर्षं काय केलंत?" असं विचारलं, तेव्हा मी ती यादीच समोर ठेवली.

एक चूक तर खास आपल्या भाषेची. साध्या एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजीची १६० अक्षरं बसतात, देवनागरीची फक्त ७०. मी लिहिलेल्या चाचणीच्या प्रोग्रॅममध्ये मी १६०च धरले होते, आणि माझा पहिला लांब मराठी निरोप अर्ध्यातच तुटला. शिवाय काना, मात्रा, हलन्त सगळे सुटे मोजले जातात. मराठीच्या बाईंच्या हिशेबाने 'स्नेहमेळावा' पाच अक्षरांचा. नेटवर्कच्या हिशेबाने अकरा.

आता तो डोंगराळ ग्राहक मनात का राहिला ते सांगते. मेक्सिकोत ओआहाका राज्याच्या डोंगरात तालेआ दे कास्त्रो नावाचं झापोतेक लोकांचं गाव आहे. वस्ती एवढी कमी की मोठ्या कंपन्या टॉवर टाकेनात. २०१३ मध्ये रायझोमॅटिका या संस्थेच्या मदतीने गावाने स्वतःचं नेटवर्क उभारलं, खुल्या सॉफ्टवेअरवर. बाहेरचे कॉल इंटरनेटवरून जायचे, त्यामुळे अमेरिकेत कामाला गेलेल्या मुलांशी बोलणं स्वस्त झालं. लाइन भरून जाऊ नये म्हणून एका कॉलला पाच मिनिटांची मर्यादा घातली. पुढे आसपासची गावं आली, त्यांची नेटवर्क ओस्मोकॉमवर चालू लागली, आणि २०१६ मध्ये सरकारने तिथल्या आदिवासी समाजांच्या संस्थेला स्वतंत्र परवानाही दिला. तिथे बिघाड झाला तर तो दुरुस्त करायला कुणाच्या परवानगीची वाट बघावी लागत नाही. आपल्या वाडीवरच्या मंडळींनी मात्र लगेच उठून बसू नये. इथे लहरींचे परवाने तसे मिळत नाहीत. अजून तुम्हाला खिंडीपर्यंत चालावंच लागणार.

पोलिसात असलेल्या आपल्या मित्राने काल चहा पिताना एक अडचणीचा प्रश्न विचारला. हेच सॉफ्टवेअर वापरून चोर खोटा टॉवर उभा करू शकत नाही का? करू शकतो. २जीमध्ये टॉवर फोनची ओळख तपासतो, पण फोन टॉवरची तपासत नाही. ही खोट मानकातच होती. महाग यंत्रं घेऊन ती वापरणारे आधीपासून होते. खुल्या कामामुळे ती चारचौघांत दाखवता आली, हेही खरं. ३जीपासून फोनही नेटवर्क तपासतो. तरी मित्राला मी दिलेलं उत्तर मला स्वतःला पूर्ण पटलेलं नाही, हे त्याला सांगून टाकते.

वेळ संपली, बाई घड्याळ दाखवतायत. जेवणानंतर संगणक कक्षात लॅपटॉप चालू ठेवणार आहे. टॉवर खोटा, हवा खोटी, फोनही खोटे, पण मेसेज खरा जातो. मराठीत लिहायचा, सत्तरात बसवायचा. बूथवाल्यांच्या मुलाने पहिला लिहावा, आणि या वेळी दुसऱ्यांचे वाचू नयेत.