घर आपले, पेढी परक्याची

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



एखाद्या चाळीतील निवृत्त कामगाराच्या दारावर एके दिवशी वस्तू व सेवा कर खात्याची नोटीस चिकटवलेली दिसते. पत्ता त्याच्याच खोलीचा. नाव मात्र भंगार लोखंडाचा व्यापार करणाऱ्या कुठल्याशा पेढीचे. त्या खोलीत लोखंड म्हणावे तर एक कॉट आणि एक ट्रंक. तरीही कागदोपत्री तेथून कोट्यवधींचा माल विकला गेलेला असतो.

हे चित्र कल्पित आहे. प्रकार कल्पित नाही. १६ मे ते १५ जुलै २०२३ या दोन महिन्यांत केंद्र व राज्यांच्या कर खात्यांनी देशभर मोहीम घेतली. तीत नोंदणी असलेल्या २१,७९१ पेढ्या अस्तित्वातच नसल्याचे आढळले. संशयित करचुकवेगिरीचा आकडा २४,०१० कोटी रुपयांचा होता. पेढी नसली तरी नोंदणीला पत्ता लागतोच. तो कधी मोकळ्या जागेचा असतो, कधी कुणाच्या नांदत्या घराचा.

या व्यवहाराचे अर्थशास्त्र साधे आहे. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या या करपद्धतीत व्यापाऱ्याने खरेदीवर दिलेला कर त्याला विक्रीवरील करातून वजा करता येतो. आता बनावट पेढीने दहा लाखांचे खोटे बिल दिले आणि त्यावर १८ टक्के दराने १,८०,००० रुपये कर दाखवला असे समजा. माल हललेला नाही, कर सरकारात भरलेला नाही. पण बिल घेणारा व्यापारी तेवढी रक्कम आपल्या देय करातून वजा करून मोकळा होतो आणि बिल देणाऱ्यास त्यातील वाटा मिळतो. ग्राहकाने मिठापासून नव्हे, पण साबणापासून चपलेपर्यंत प्रत्येक वस्तूवर जो कर मोजला, तो असा मधल्यामध्ये जिरतो. अधिकारी शोध घेत येतात तेव्हा पेढी पसार झालेली असते. मागे उरतो तो फक्त उंबरठा.

पत्त्याचा पुरावा म्हणून विजेचे बिल, मालमत्ता कराची पावती, भाडेकरार किंवा जागामालकाचे संमतिपत्र चालते. विजेचे बिल जिन्याखालच्या पेटीत पडलेले असते. संमतिपत्रावरील सही खोटी करता येते. ज्याच्या नावावर पेढी काढली तोही पुष्कळदा कर्जाच्या किंवा नोकरीच्या आमिषाने कागद देऊन बसलेला मजूर असतो. म्हणून नोटिशीवरील नाव वाचून त्या माणसाच्या दारी भांडायला जाण्यात अर्थ नाही. फसवणारा तिसराच असण्याचा संभव मोठा.

मग अशा घरमालकाने करावे काय? पहिली गोष्ट, नोटीस फाडून टाकू नये आणि घाबरून गप्प बसू नये. केवळ पत्ता वापरला गेला म्हणून दुसऱ्याच्या कराचा बोजा घरमालकावर पडत नाही. पण त्याच्या मौनाचा अर्थ संमती असा लावला जाऊ शकतो. परक्याच्या नावाचे टपाल आल्यास ते उघडू नये. पाकिटाचे छायाचित्र घेऊन, ‘या पत्त्यावर अशी पेढी नाही’ असे लिहून पोस्टमनकडे परत करावे. नोंदणी क्रमांक कळला तर कर खात्याच्या संकेतस्थळावर कोणालाही पेढीची माहिती पाहता येते. ती कोणत्या कार्यालयाच्या अखत्यारीत आहे हेही तेथे दिसते. त्या कार्यालयास लेखी तक्रार द्यावी, घराच्या मालकीचा वा भाडेपट्ट्याचा पुरावा जोडावा, जागेची पाहणी करण्याची मागणी करावी आणि पोच घ्यावी. फसवणुकीने मिळवलेली नोंदणी रद्द करण्याचा अधिकार कायद्याच्या कलम २९ ने अधिकाऱ्यास दिलेला आहे.

खोट्या सहीबद्दल पोलिसांतही फिर्याद द्यावी. ठाण्यात ती नोंदवून घेतली नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे पोलीस अधीक्षकांकडे टपालाने लेखी तक्रार पाठवता येते. त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाण्याचा मार्ग खुला राहतो.

परंतु प्रश्न येथे संपत नाही. ज्याचा काडीचा संबंध नाही, त्यानेच कचेऱ्यांचे उंबरे का झिजवावेत? २०२४ साली वस्तू व सेवा कर परिषदेने अर्जदाराच्या बोटांच्या ठशांवरून ओळख पटविण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने देशभर आणण्याची शिफारस केली. तीमुळे अर्जदार कोण हे कळेल. घरमालकाने संमती दिली की नाही, हे कळणार नाही. पुढे नोव्हेंबर २०२५ पासून कमी जोखमीच्या अर्जदारांना तीन कामकाजी दिवसांत नोंदणी देण्याची सोय झाली. लहान व्यापाऱ्याची खेप वाचावी, हे योग्यच. सचोटीच्या दुकानदाराला चौकशीच्या चरकात पिळणे हा बनावट पेढ्यांवरील उपाय नव्हे.

उपाय याहून सोपा आहे. नोंदणी होताच त्या पत्त्यावर, विजेच्या बिलावर ज्याचे नाव आहे त्याच्या नावे एक पत्र जावे. आपल्या पत्त्यावर कोणकोणत्या पेढ्या नोंदल्या आहेत, हे घरमालकास पाहता यावे. त्याची हरकत आल्यावर ठराविक मुदतीत पाहणी व्हावी. ब्रिटनमध्ये कंपन्यांच्या निबंधकास २०२३ च्या कायद्याने वाढीव अधिकार मिळाले आणि मार्च २०२४ पासून ते अंमलात आले. तेथे घरमालकाने अर्ज केल्यावर कंपनीचा खोटा पत्ता नोंदीतून काढता येतो. जे तेथे एका अर्जाने साधते, ते येथे अशक्य असण्याचे कारण नाही.

तोवर हे काम कार्यकर्त्यांचे आहे. वस्तीत कुणाच्या दारावर परकी नोटीस लागली, तर तो माणूस बहुधा ती लपवतो. शेजाऱ्यांना संशय येईल ही त्याला भीती असते. कार्यकर्त्याने त्याच्याजवळ बसावे, नोटीस वाचून दाखवावी, अर्ज लिहून द्यावा आणि पोच मिळेपर्यंत त्याच्याबरोबर खिडकीपाशी उभे राहावे. आयुष्यभराच्या कष्टांतून उभे केलेल्या एका खोलीचा पत्ता, ही त्या माणसाची अब्रू असते. ती परत मिळवून देण्याइतके वर्गात शिकलेले ज्ञान उपयोगी पडले, तरच ते ज्ञान म्हणावयाचे.