मंगलोरी कौल

पश्चिम किनाऱ्यावर छपराची खरी परीक्षा पावसाळा घेतो. तेथे कुंभारांनी घडविलेली नळीची कौले पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. ती एकमेकांवर नुसती टेकलेली असत. वाऱ्याने वा माकडांच्या उड्यांनी ती सरकत. म्हणून दरवर्षी मृगापूर्वी घर शाकारावे लागे.

१८६५ साली बासेल मिशनचे जॉर्ज प्लेब्स्ट यांनी मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला. नदीकाठची चिकणमाती साच्यात दाबून, सुकवून, भट्टीत भाजलेले हे कौल चपटे होते. त्याच्या कडांना खाचा व उंचवटे असल्याने शेजारची कौले एकमेकांत गुंतून बसत आणि खालच्या अंगाचे बोंड रिपेला अडके. चौरस मीटरला सुमारे १५ कौले पुरत. छपराचा भार घटला, लाकूडही कमी लागू लागले. तरीही सांध्यांतील बारीक फटींतून चुलीचा धूर व उष्ण हवा बाहेर पडत राहिली.

परंतु या कौलाचे मोठे मोल त्याच्या सुटेपणात आहे. एक फुटले तर तेवढेच बदलावे. घर उतरविले तरी धड कौले दुसऱ्या घरावर चढतात. काँक्रीटच्या गच्चीला ही सोय नाही. मात्र कौलाची माती पुष्कळदा भातशेतांतून खणली जाते आणि भट्टीला सरपण लागते. म्हणूनच जुने, धड कौल टाकून देणे म्हणजे शेत आणि रान या दोहोंची नासाडी होय.