तालीम आणि मैदान
(वार्षिक पारितोषिक वितरण समारंभातील भाषण)



शिक्षणसंस्थेच्या समारंभात मी फुटबॉलवर बोलणार, हे ऐकून काही पालकांच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. ते स्वाभाविक आहे. यंत्रमागावर पाळी करून, विड्या वळून, हातगाडी ओढून आपण मुलांच्या फीचे पैसे उभे करतो. मूल संध्याकाळी चेंडूमागे धावताना दिसले की तोंडातून प्रश्न निघतोच, "खेळून पोट भरतं का?" या प्रश्नाला बगल न देता उत्तर द्यावे, एवढ्यासाठीच मी आपल्यापुढे उभा आहे.

आपल्या घरात 'तालीम' म्हटले की शिक्षण आठवते. मराठीत तालीम म्हणजे आखाडा, व्यायामशाळा. एकाच शब्दात पुस्तक आणि लाल माती दोन्ही नांदतात. कोल्हापूरला जा. तेथील फुटबॉल संघांची नावेच पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ अशी आहेत. पेठेतल्या तालमींनी हा परदेशी खेळ आपलासा केला. शाहू स्टेडियमवर त्यांचे सामने लागले की हजारो लोक जमतात. ज्या राजर्षी शाहू महाराजांचे नाव त्या मैदानाला आहे, त्यांनीच १९०६ साली मुस्लिम विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी पुढाकार घेतला होता. त्याच कोल्हापूर जिल्ह्यातला अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

आता मुंबईकडे वळू. कूपरेज मैदानाचे नाव आपण ऐकले असेल. पिंपे बनवणाऱ्या कारागिरांच्या कारखान्यावरून त्या जागेला हे नाव पडले. मुंबईची रोव्हर्स कप स्पर्धा १८९१ साली सुरू झाली आणि पुढे कूपरेज हेच तिचे घर बनले. पहिली कित्येक वर्षे या करंडकावर गोऱ्या पलटणींचीच नावे कोरली जात होती. त्यांच्याकडे बूट होते, कवायत होती, सरकारी मैदाने होती. आपली मुले बहुधा अनवाणी खेळत.

तिकडे कलकत्त्यात १९११ साली मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली आणि साऱ्या देशाची मान उंचावली. परंतु तेथील लीग, जी १८९८ पासून चालू होती, ती १९३३ पर्यंत एकाही भारतीय संघाला जिंकता आली नव्हती. हे काम मोहमेडन स्पोर्टिंगने केले. दुसऱ्या श्रेणीतून वर आल्यावर पहिल्याच वर्षी, १९३४ साली, त्यांनी लीग जिंकली आणि १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे ती कुणाला घेऊ दिली नाही. १९४० साली ड्युरँड कप जिंकणारा पहिला भारतीय संघही तोच. आपल्या मुंबईत रोव्हर्स कपवर प्रथम भारतीय नाव कोरले गेले ते १९३७ साली, बंगलोर मुस्लिम्स या संघाचे.

ही नावे ऐकून छाती फुगते, आणि फुगावी. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. गोऱ्या पलटणीला हरवणाऱ्या संघाचा आनंद एका मोहल्ल्यापुरता कधीच नव्हता. पुढे मोहमेडन स्पोर्टिंगमध्ये सर्व धर्मांचे खेळाडू खेळले. मैदानावर पास देताना पुढच्याची जातपात कुणी विचारत नाही.

आता ज्यांच्याविषयी मला मुख्यतः बोलायचे आहे, त्या माणसाकडे येतो. सोलापुरातून निघालेला रस्ता ज्या हैदराबादला जातो, तेथे सय्यद अब्दुल रहीम नावाचे शिक्षक होते. होय, शिक्षक! पदवीधर, शाळेत शिकवणारे, आणि संध्याकाळी मैदानावर उभे राहणारे. त्यांच्या हाताखाली हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे कूपरेजवर रोव्हर्स कप जिंकला. मुंबईच्या प्रेक्षकांनी असा पराक्रम पूर्वी पाहिला नव्हता.

रहीमसाहेब शिकवत कसे? चेंडू पायात घोळवत ठेवायला मनाई, आला की पुढे द्यायचा, असे सामने ते भरवीत. उजव्या पायाच्या खेळाडूला डाव्या पायाने खेळायला लावीत. शिक्षक बंधूंना ही पद्धत ओळखीची वाटेल. ज्या विषयात मूल कच्चे, तोच त्याच्याकडून जास्त घोटून घ्यायचा. आणि आपल्यापेक्षा शेजाऱ्याला जागा चांगली मिळाली असेल तर चेंडू त्याला द्यायचा, हा धडा कुठल्या पाठ्यपुस्तकात इतक्या लवकर समजतो?

तेच भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. १९५१ साली दिल्लीच्या आशियाई सामन्यांत सुवर्णपदक मिळाले. पण पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला दहा विरुद्ध एक असे धुतले. आपले काही खेळाडू तेव्हाही अनवाणी होते. त्या पराभवानंतर बूट सक्तीचे झाले, खेळाची पद्धत बदलली. नापास झालेल्या विद्यार्थ्याने पेपर पुन्हा काढून चुका शोधाव्यात, तसे रहीमसाहेबांनी केले. चार वर्षांनी, १९५६ साली मेलबर्नला भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला चार विरुद्ध दोन असे हरवून उपांत्य फेरी गाठली. त्या सामन्यात तीन गोल केले मूळच्या गोव्याच्या आणि मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाने. भारत चौथा आला.

१९६२ साली जकार्ता. रहीमसाहेबांना कर्करोगाने ग्रासले होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला हरवले. पुढे जर्नेलसिंगचे डोके फुटले, टाके पडले. तरीही अंतिम सामन्यात त्याच कोरियाला आपण दोन विरुद्ध एक असे नमवले. एक गोल पी. के. बॅनर्जींचा आणि दुसरा टाके घातलेल्या डोक्याने खेळणाऱ्या जर्नेलसिंगचा. पुढच्या वर्षी, जून १९६३ मध्ये, रहीमसाहेब गेले. त्यांच्यानंतर आशियाई सामन्यांत फुटबॉलचे सुवर्ण आपल्याला पुन्हा मिळाले नाही. त्यांच्यावर २०२४ साली 'मैदान' हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा कुठे अनेकांना त्यांचे नाव कळले. आणि ज्या रोव्हर्स कपवर एवढा इतिहास घडला, ती स्पर्धाही या शतकाच्या आरंभी बंद पडली.

पालकहो, आता आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर. खेळून पोट भरते का? बहुतेकांचे भरत नाही. हैदराबादच्या खेळाडूंना पोलीस खात्याने नोकऱ्या दिल्या, काहींना रेल्वेने, काहींना कारखान्यांनी. पण शंभरातल्या किती जणांना? म्हणून पुस्तक सोडून खेळा असे मी कुणालाही सांगणार नाही. ज्यांची गोष्ट मी सांगितली ते स्वतः पदवीधर शिक्षक होते, हे विसरू नका. मात्र वेळेवर येणे, हार पचवणे, दुसऱ्यासाठी धावणे, पंचाचा निर्णय पटला नाही तरी मानणे, ह्या गोष्टी नोकरीत, धंद्यात आणि संसारात रोज लागतात. त्या मैदानावर मिळतात, आणि त्यांना फी पडत नाही. संध्याकाळचा एक तास मैदानाला न दिलेले मूल तो तास अभ्यासालाच देते, असे आपण छातीवर हात ठेवून सांगू शकतो का? हल्ली तो तास बहुधा मोबाईलकडे जातो.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी नम्र विनंती आहे. नवी इमारत बांधताना खोल्या मोजतो, तसे मैदानही मोजा. ते लहान असेल तर लहान असू द्या, सात-सात जणांचा सामना तेवढ्यात होतो. मुलींसाठीही वेळ राखून ठेवा. आणि खेळाचा तास गणिताच्या शिक्षकाला देऊन टाकू नका. एका शिक्षकाने हैदराबादेत काय घडवले ते आपण ऐकलेच.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एवढेच सांगतो. सकाळचा धडा मन लावून वाचा, संध्याकाळी घाम गाळा, आणि दोन्हीकडे कच्च्या पायावर जास्त मेहनत घ्या.