खुर्च्या फक्त चोवीस

आजची गोष्ट २७ वर्षांच्या एका वकिलाची. आयुष्यातली पहिलीच केस, आणि समोर आरोपी कोण? दहा लाखांहून जास्त माणसं मारणाऱ्या नाझी पथकांचे अधिकारी.

नाव बेंजामिन फेरेन्ट्स. जन्म १९२० चा, ट्रान्सिल्व्हेनियातल्या ज्यू कुटुंबातला. ते तान्हे असतानाच आईवडील अमेरिकेला आले. बालपण न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत. १९४३ मध्ये हार्वर्डमधून कायद्याची पदवी घेतली आणि थेट सैन्यात भरती. उंची जेमतेम पाच फूट, हुद्दा शेवटी सार्जंट. युद्ध संपत आलं तेव्हा त्यांना बुखेनवाल्ड, माउथहाउझेनसारख्या छळछावण्यांत पुरावे गोळा करायला धाडलं. समोर प्रेतांचे ढीग, आणि यांनी शोधायच्या नोंदवह्या. त्यांच्यातला वकील तिथे घडला, असं मला वाटतं.

मग न्यूरेंबर्गच्या खटल्यांसाठी बोलावणं आलं. बर्लिनमध्ये कागद धुंडाळताना त्यांच्या टीममधल्या एकाला काही फायली सापडल्या. आइनझाट्सग्रुपेन, म्हणजे पूर्व आघाडीवर माणसं मारत फिरणारी पथकं, त्यांचे रोजचे रिपोर्ट! कुठे, कधी, किती ज्यू मारले, सगळा हिशेब चोख. बेन बेरजेचं यंत्र घेऊन बसले. आकडा दहा लाखांवर गेला आणि त्यांनी मोजणं थांबवलं.

वरिष्ठ टेलफर्ड टेलर म्हणाले, नव्या खटल्याला माणसं नाहीत. बेन म्हणाले, मग मी चालवतो.

आता गंमत म्हणू की काय म्हणू? पथकांत माणसं सुमारे ३,०००. आरोपींच्या पिंजऱ्यात खुर्च्या २४. म्हणून आरोपी २४! निवडले ते वरच्या हुद्द्याचे, शिकलेसवरलेले. ओटो ओलेनडॉर्फ तर स्वतः कायदा शिकलेला. आपल्या पथकाने ९०,००० जणांना मारल्याचं त्याने आधीच कबूल केलं होतं.

खटला १९४७ मध्ये उभा राहिला. बेननी साक्षीदार बोलावलेच नाहीत. नाझींचेच कागद मांडले, दोन दिवसांत बाजू संपवली. फाशीही मागितली नाही. वंश-धर्म न बघता प्रत्येकाला जगायचा हक्क आहे, हे कायद्याने मान्य करावं, एवढंच मागितलं. निकाल २२ जणांचा लागला, सगळे दोषी. फाशी १४ जणांना सुनावली, प्रत्यक्षात दिली चौघांना. आणि १९५८ मध्ये शेवटचे कैदीही सुटले! खुर्चीच न मिळालेल्या हजारोंचं तर विचारूच नका.

बेन पुढे वाचलेल्यांच्या नुकसानभरपाईसाठी लढले. मग कायमस्वरूपी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय हवं म्हणून कित्येक वर्षं लिहीत, बोलत राहिले. ते हेगला २००२ मध्ये सुरू झालं. अमेरिका त्यात सदस्य नाही, आपला भारतही नाही.

२०११ मध्ये तिथला पहिला खटला संपत आला होता. आरोपी काँगोचा थॉमस लुबांगा. लहान मुलांच्या हातात बंदुका देऊन त्यांना लढायला लावणारा. सरकारी पक्षाच्या समारोपाला बेन उभे राहिले. वय ९१. पुढच्या वर्षी लुबांगाला १४ वर्षांची कैद झाली.

बेन २०२३ मध्ये गेले, १०३ व्या वर्षी. न्यूरेंबर्गच्या सरकारी वकिलांपैकी तेवढे एकच उरले होते.